पन्नास पावलांपलीकडचे इंटरनेट

कोपरीत फोनवर वायफायची यादी उघडली की नावांची रांग संपत नाही. कोपरी गावातली जुनी घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत, कॉलनीतल्या इमारतींत एकेका मजल्यावर चार-चार राउटर चालतात, आणि चेंदणी कोळीवाड्याच्या गल्लीत शेजाऱ्याच्या नेटच्या काड्या स्वतःच्या नेटपेक्षा जास्त दिसतात. ठाणे पूर्वेची अडचण गर्दीची आहे. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11, आणि त्या तिघांवर सगळी वस्ती बसलेली.

याच कोपरीतले, डोंबिवली-कल्याणातले लोक गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जातात तेव्हा चित्र नेमके उलटे होते. मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यावर, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीत फोनच्या यादीत एखादेच नाव दिसते. ज्याच्या घरी फायबर आले आहे त्याच्या ओटीवर संध्याकाळी पोरे जमतात. पन्नास पावलांवर चुलत्यांचे घर आहे, तिथे मात्र काडी येत नाही. 2020 च्या टाळेबंदीत हा प्रश्न एकाएकी मोठा झाला. मुंबई-ठाण्याहून गावी गेलेली माणसे घरातून नोकरी करत होती, मुलांची शाळा मोबाइलवर भरत होती आणि रेंजसाठी टेकडीवर झोपडी घालून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बातम्या कोकणातून येत होत्या. टाळेबंदी उठली, प्रश्न तसाच राहिला.

शेजारच्या घराने आपली वेगळी जोडणी घ्यावी, हे उत्तर शहरात सहज देता येते. गावात ते अनेकदा लागू पडत नाही. वर्षातून दोन महिने उघडणाऱ्या घरासाठी बारा महिन्यांचे भाडे कुणी भरत नाही. म्हातारी एकटी राहते, तिला नातवाशी व्हिडिओवर बोलण्यापुरते नेट हवे असते. कधी केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यात जागाच उरलेली नसते. अशा वेळी एका घराचे नेट दुसऱ्या घरापर्यंत नेणे हाच सरळ मार्ग दिसतो. तो कसा न्यावा, कुठे अडतो आणि कायदा त्याकडे कसा पाहतो, या तिन्ही बाजू एकत्र मांडायला हव्यात, कारण एकीचा विचार करून दुसरी सोडली की पैसे तरी वाया जातात किंवा माणूस तरी अडचणीत येतो.

शेजाऱ्याची सोय वापरण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबावे लागे त्या काळात ठाण्या-डोंबिवलीतल्या कितीतरी लग्नपत्रिकांवर आणि अर्जांवर नंबरापुढे ‘पी. पी.’ लिहिलेले असे. फोन शेजाऱ्यांचा, निरोप आपला. 1991 च्या आखाती युद्धानंतर केबल टीव्ही पसरला तोही असाच: एका गच्चीवर डिश, आणि तिथून झाडांवरून, गॅलऱ्यांवरून घराघरात गेलेली वायर. कायदा नंतर आला, 1995 साली. त्या काळात वायरी ओढणाऱ्या केबलवाल्यांपैकी अनेकजण आज त्याच गल्ल्यांत फायबर जोडून देतात. दोन घरांमध्ये वायर ओढणे हा या पट्ट्यातल्या माणसांना परका विचार नाही.

आता मूळ तांत्रिक प्रश्नाकडे. घरातला राउटर सगळीकडे सारखा पसरतो. अंतर दुप्पट झाले की पोहोचणारी ताकद चौथ्या हिश्शावर येते. उघड्या शेतात हाच सिग्नल शंभर मीटर सहज जाईल, पण गावचे घर उघडे शेत नसते. कोकणात जांभ्या दगडाच्या जाड भिंती, त्यावर सिमेंटचा स्लॅब नाही तर पत्रा. पत्रा तर सिग्नलला आरशासारखा परतवतो. त्यात केबलवाला राउटर ठोकून जातो तो टीव्हीशेजारी, म्हणजे घराच्या पोटात. त्यामुळे पहिला उपाय फुकटचा आहे: राउटर शेजारच्या घराकडे तोंड असलेल्या खिडकीत आणणे. वीस-पंचवीस मीटरच्या अंतरात अनेकदा एवढ्यावरच काम भागते.

भागले नाही की माणूस बाजारात जातो आणि बहुतेक वेळा चुकीची वस्तू घेऊन येतो. तिचे नाव रिपीटर. भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा, हजार-दीड हजारांत मिळतो, लावायला सोपा. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. त्याहून मोठी चूक जागेची. तो शेजारच्या घरात लावला जातो, जिथे मूळ सिग्नलच क्षीण असतो. क्षीण सिग्नलची नक्कल क्षीणच निघते. फोनवर काड्या भरलेल्या दिसतात आणि पान मात्र उघडत नाही. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. वायफाय हे दोन्ही बाजूंचे बोलणे आहे. राउटरला मोठा अँटेना लावून त्याचा आवाज पोहोचवता येईल, पण हातातल्या फोनचा बारीक आवाज परत राउटरपर्यंत पोहोचला नाही तर संभाषण होणार नाही.

म्हणून जाणकार माणूस फोनला मधून काढतो. एका घराच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा छपराच्या दांड्यावर एक छोटी डिश, दुसऱ्या घरावर तशीच दुसरी, दोघींची तोंडे एकमेकींकडे. त्या दोघी फक्त आपापसात बोलतात. दुसऱ्या घरात डिशची वायर एका साध्या राउटरला जोडली की तिथे स्वतंत्र वायफाय तयार. टीपी-लिंकची सीपीई मालिका, युबिक्विटीची नॅनोस्टेशन अशी हाताच्या पंज्याएवढी ते वहीएवढी यंत्रे यासाठीच बनवलेली आहेत. त्यांचा अँटेना ताकद एका दिशेला गोळा करतो, बोलतानाही आणि ऐकतानाही, आणि त्यामुळे पल्ला किलोमीटरांत जातो. जोडीचा खर्च साधारण दहा हजारांच्या आत बसतो. पन्नास-शंभर मीटरसाठी ही यंत्रे गरजेपेक्षा मोठीच आहेत, आणि ते चांगले आहे, कारण पावसाळ्यात ती जादा ताकद कामी येते.

पावसाळा हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

लोकांचा समज असा की पाऊस पडला की वायरलेस बंद. 5 गिगाहर्ट्झच्या आसपास खरे तर मुसळधार पावसाच्या धारांनीही किलोमीटरभरात नगण्य घट होते. घात करतात ती पाने. पानांत पाणी असते आणि वरून पाऊस बसला की ती आणखी ओली होतात. या लहरी पाण्यात मुरतात. एका डेरेदार आंब्याआड सिग्नलचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरू शकतो. मुरबाड-शहापूरच्या सागवानी पट्ट्यात तर ही फसगत ठरलेली आहे. साग उन्हाळ्यात उघडाबोडका असतो. मे महिन्यात सुट्टीला आलेला माणूस दोन घरांमध्ये डिश लावतो, समोरचे घर फांद्यांतून स्पष्ट दिसते, वेगही उत्तम येतो. जूनमध्ये मृग लागतो, सागाला सुपाएवढी पाने फुटतात आणि जुलैत जोडणी मेलेली असते. यंत्रात बिघाड नसतो. जागा ठरवायची तर ती श्रावणातले रान डोळ्यांसमोर आणून ठरवावी, किंवा सरळ श्रावणातच ठरवावी.

नुसते ‘समोरचे घर दिसते’ एवढेही पुरत नाही. लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत. दोन डिशांच्या मधोमध त्यांना फुगायला जागा लागते. 5.8 गिगाहर्ट्झला शंभर मीटर अंतरावर ही जागा मध्यभागी सुमारे 1.1 मीटर त्रिज्येची असते, पाचशे मीटरवर सुमारे 2.5 मीटर. 2.4 गिगाहर्ट्झला ती आणखी मोठी: शंभर मीटरला पावणेदोन मीटरच्या पुढे. तिचा निदान साठ टक्के भाग मोकळा हवा. म्हणजे कुंपणाच्या शेंड्याला घासून जाणारी नजर उपयोगाची नाही, डिश त्याच्या बरीच वर हवी. नारळीच्या बागेत उलटी युक्ती चालते. झावळ्या वर असतात, खाली नुसती खोडे. डिश पडवीच्या उंचीवर लावली की खोडांच्या मधून रस्ता मिळतो.

मग वायर का नको? हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण जिथे मधली जमीन आपलीच आहे तिथे वायरीसारखी खात्रीची दुसरी गोष्ट नाही. फक्त वायर कोणती ते महत्त्वाचे. तांब्याची नेटवर्क केबल शंभर मीटरपर्यंत चालते, स्वस्त आहे, कुणालाही जोडता येते. तरीही दोन वेगळ्या घरांमध्ये ती टाकू नये. दोन्ही घरांचे अर्थिंग वेगळे असते. जवळपास वीज पडली की दोन घरांच्या जमिनीतल्या दाबात क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो या तांब्यातून वाट काढतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात किती राउटर आणि टीव्ही जळतात ते कुठल्याही दुरुस्तीवाल्याला विचारावे.

काच वीज वाहून नेत नाही. म्हणून दोन घरांसाठी फायबर. केबलवाले घराघरात ओढतात ती चपटी काळी ड्रॉप वायर, दोन्ही टोकांना छोटे मीडिया कन्व्हर्टर, बस. सामान दोन-चार हजारांत येते. टोके जोडायला स्प्लायसिंग मशीन असलेला माणूस लागतो, आणि तो आता बहुतेक तालुक्यांच्या गावी असतो. एक बारकावा: या ड्रॉप वायरीत ताण सहन करण्यासाठी बहुधा पोलादी तार असते. ती घरात शिरण्याआधीच कापून बाहेर हुकाला अडकवायची, नाही तर काच वापरण्याचा हेतूच फुकट जातो. वायर जमिनीतून न्यायची असेल तर पाइपातून, कारण उंदीर-घुशी तिला सोडत नाहीत. आणि महावितरणच्या खांबावरून ती कधीही नेऊ नये. ते बेकायदा तर आहेच, जिवावरचेही आहे.

मध्ये सरकारी रस्ता, ओढा किंवा तिसऱ्याची जमीन आली की वायर थांबते. तिथून हवेचे राज्य सुरू होते.

हवेतून गाव जोडण्याचा मोठा आणि खराखुरा प्रयोग कोपरीपासून फार दूर झालेला नाही. पालघर 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. त्या पालघरमधल्या खामलोली आणि आसपासच्या गावांत मुंबईच्या आयआयटीने प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्राममार्ग’ हा प्रकल्प उभारला. पहिल्या टप्प्यात सात गावे होती आणि वापरलेल्या लहरी टीव्हीच्या. कल्पना फार देखणी होती. भारतात जमिनीवरून टीव्ही प्रक्षेपण फक्त दूरदर्शन करते, त्यामुळे 470 ते 590 मेगाहर्ट्झमधले बहुतेक चॅनेल मोकळे पडून असतात. आयआयटीच्याच अभ्यासात देशाच्या जवळपास सर्व भागांत 15 पैकी निदान 12 चॅनेल रिकामे आढळले. या लहरींची लांबी सुमारे अर्धा मीटर, म्हणून वायफायच्या बारीक लहरी जिथे पानांत मुरतात तिथून या पार होतात. खामलोलीसारख्या झाडीच्या, डोंगरउताराच्या भागाला याहून योग्य काही नाही. गावापर्यंत टीव्हीच्या लहरींवरून यायचे आणि गावात साध्या वायफायने वाटायचे, अशी ती रचना होती.

पण टीव्हीचा पट्टा वापरायला प्रायोगिक परवाना लागतो, तो सर्वसामान्यांसाठी खुला नाही. पुढच्या टप्प्यात पालघरमधली 25 गावे जोडताना परवान्यावाचून वापरता येणारा 5.8 गिगाहर्ट्झचा पट्टा घेतला गेला. ‘ग्राममार्ग’ला मार्च 2017 मध्ये मोझिलाच्या ‘इक्वल रेटिंग इनोव्हेशन चॅलेंज’मध्ये पहिले, सव्वा लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. प्रकल्पाने आणखी एक गोष्ट मांडली, आणि ती तंत्रापेक्षाही मोलाची वाटते: शासन आणि खासगी कंपनी यांच्या जोडीला ग्रामपंचायतीचा तिसरा वाटा. डिश गंजते, वानर वायर ओढते, लाइट जाते. शहरातला अभियंता यासाठी दर आठवड्याला येऊ शकत नाही. जबाबदारी गावातल्याच कुणाची तरी असावी लागते.

नेपाळमधल्या महाबीर पुन यांनी हेच दाखवून दिले. म्याग्दी जिल्ह्यातल्या आपल्या नांगी गावी त्यांनी या शतकाच्या सुरुवातीला वायफायची साधी यंत्रे वापरून डोंगरामागून डोंगर जोडत नेट आणले. सुरुवातीचे अँटेना झाडांवर बांधलेले होते. त्या वेळी तिथे माओवादी संघर्ष चालू होता, वायरलेस सामानावर बंधने होती, तरी काम चालू राहिले. 2007 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. स्पेनच्या कॅटलोनियात गुर्ब नावाच्या खेड्यात कंपन्या ब्रॉडबँड देईनात म्हणून 2004 मध्ये शेजाऱ्याने शेजाऱ्याला जोडायला सुरुवात केली, आणि त्या ‘गिफी डॉट नेट’चे जाळे पुढे तीस हजारांहून अधिक ठिकाणी पोहोचले. आपल्याकडे धरमशाळेत 2005 च्या सुमाराला तिबेटी वसाहतींसाठी ‘एअरजल्दी’ने असेच जाळे विणले, तर चंदेरीच्या विणकरांच्या गावात 2010 मध्ये ‘वायरलेस फॉर कम्युनिटीज’चे काम सुरू झाले. तामिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने थेनीच्या परिसरातली खेडी लांब पल्ल्याच्या वायफायने जोडली. खेड्यातला रुग्ण आपल्या जागी बसून डॉक्टरांशी बोलू लागला. पल्ल्याचीच गोष्ट काढायची तर व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली यांनी 2007 मध्ये दोन डोंगरांमध्ये 382 किलोमीटरवर वायफाय जोडून दाखवले. चुलत्यांच्या घराची पन्नास पावले यापुढे काहीच नाहीत.

कायद्यापुढे मात्र ती पन्नास पावले लांब पडतात.

लहरी वापरण्यापुरता कायदा सोपा आहे. जानेवारी 2005 च्या अधिसूचनेने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवान्यावाचून खुला झाला. अट अशी की अँटेनातून निघणारी परिणामी ताकद 4 वॅटपेक्षा जास्त नको आणि अँटेना इमारतीच्या छतापासून 5 मीटरपेक्षा उंच नको. ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झमधला एकूण 605 मेगाहर्ट्झचा भाग असाच मोकळा झाला. यंत्राला भारतात मान्यता असली आणि दांडा प्रमाणात असला की डिश लावायला कुणाची परवानगी मागावी लागत नाही. ऑनलाइन मागवलेले परदेशी यंत्र घेताना मात्र ती मान्यता तपासावी.

त्या डिशमधून काय वाहते, हा प्रश्न वेगळा आणि अवघड आहे. 1885 च्या तार कायद्यापासून चालत आलेले तत्त्व 2023 च्या दूरसंचार कायद्यातही आहे: दुसऱ्याला दूरसंचार सेवा द्यायची तर सरकारची अधिकृत मान्यता हवी. शेजाऱ्याकडून महिन्याला दोनशे रुपये घेऊन नेट देणे म्हणजे सेवा विकणे. पैसे न घेता दिले तर? तिथे ग्राहकाने सही केलेला करार आडवा येतो; जोडणी नोंदलेल्या पत्त्यापुरती आहे, असे कलम त्यात बहुधा असते. म्हणजे व्यवस्थेला दोनच माणसे माहीत आहेत, ग्राहक आणि विक्रेता. शेजारी नावाच्या माणसाची तिच्या वहीत नोंद नाही.

ही केवळ कागदी काळजी नाही, आणि तिचा धडा ठाणे जिल्ह्यातच मिळालेला आहे. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. माग काढत तपास पोहोचला तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या घरी. त्याच्या घरातले असुरक्षित वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते. त्याच वर्षी पुढचे मेल माटुंगा आणि चेंबूरमधल्या अशाच उघड्या जोडण्यांवरून गेले. त्यानंतर मुंबई पोलिस रस्त्यारस्त्यांवर उघडी वायफाय शोधत फिरले आणि 23 फेब्रुवारी 2009 रोजी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. इंटरनेटवर केलेल्या कृत्याचा माग ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याच्याच दाराशी येऊन थांबतो. चुलत्यांच्या घरी पाहुणा आलेल्या अनोळखी मुलाने काही केले तरी नोटीस येणार ती फायबर घेणाऱ्याच्या नावाने.

जर्मनीने या भीतीचा दीर्घ अनुभव घेतला. 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, वायफाय नीट सुरक्षित न ठेवणाऱ्या मालकावर दुसऱ्याने केलेल्या बेकायदा डाउनलोडची जबाबदारी काही प्रमाणात येते, असा निकाल दिला. त्याचा परिणाम असा झाला की लोकांनी नेट वाटणेच थांबवले. शेवटी 2017 मध्ये कायदा बदलून ही टांगती तलवार बरीचशी काढावी लागली.

भारतात याला उत्तर म्हणून आलेली योजना आहे ‘पीएम-वाणी’. 9 डिसेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. किराणा दुकानदार, चहावाला किंवा कुणीही आपल्या जागेतून परवाना आणि नोंदणीशिवाय वायफाय विकू शकतो. वापरणाऱ्याची ओळख पटवणे आणि नोंद ठेवणे हे मधल्या नोंदणीकृत संस्थेचे काम. सानपाड्याच्या घरात ज्या नोंदीची उणीव होती, ती इथे रचनेतच आहे. कल्पना उत्तम, वाढ मंद. राष्ट्रीय डिजिटल संवाद धोरणाने 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे लक्ष्य ठेवले होते. ‘वाणी’चे हॉटस्पॉट त्यानंतरही काही लाखांतच मोजले जात होते. मुख्य अडचण अशी की कंपन्या लहान दुकानदाराकडे घरगुती दराऐवजी महागड्या व्यावसायिक जोडणीचे पैसे मागत. जून 2025 मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने त्यावर मर्यादा घातली: 200 एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त आकारता येणार नाही. दहा-पंधरा घरांच्या वाडीला आता हा हिशेब जमू शकतो. मधोमध असलेल्या घराने किंवा दुकानाने जोडणी घ्यायची, डिशांनी ती वाडीभर पसरवायची, आणि ज्याने वापरले त्याने आपल्या ओळखीने वापरायचे.

सरकारी फायबरचे काय, असे कोणी विचारेल. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेत फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आणायचे ठरले. ऑगस्ट 2023 मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी 1,39,579 कोटी रुपये मंजूर झाले आहेत. पण कोकणातली ग्रामपंचायत म्हणजे एक गाव नसते. तिच्याखाली आठ-दहा वाड्या असतात, डोंगराच्या दोन अंगांना विखुरलेल्या. पंचायतीच्या कपाटापर्यंत आलेले नेट वरच्या वाडीला दिसतही नाही. मुरबाड तालुक्यातले धसई 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. व्यापाऱ्यांकडे कार्ड घासण्याची यंत्रे आली. पुढच्या काळात तिथे रोकड परतल्याच्या बातम्या आल्या, आणि कारणांमध्ये नेटवर्कचे नाव होते. मुख्य रस्त्यापासून शेवटच्या उंबऱ्यापर्यंतचा टप्पा कोणत्याही योजनेत सर्वांत शेवटी येतो, आणि शेवटी येणारी गोष्ट बहुधा राहून जाते.

नवे पर्याय येत आहेत. 2023 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एअरटेल आणि जिओने 5जीवरून घराला नेट देणाऱ्या ‘एअरफायबर’ सेवा सुरू केल्या. टॉवरची चांगली रेंज असलेल्या गावात त्या फायबरची जागा घेऊ शकतात, डोंगराआडच्या वाडीत नाही. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसारख्या जिल्ह्यांसाठी उपग्रहाद्वारे नेट आणण्याचे इरादापत्र ‘स्टारलिंक’शी केले. उपग्रहाची डिश एका घरावर बसली तरी शेजारच्या घराचा प्रश्न संपत नाही, उलट वाढतो. महागडी जोडणी वाटून घेण्याची गरज अधिकच भासेल.

एवढे सगळे पाहिल्यावर निवाडा करायचा तर तो असा. जमीन सलग असेल तर फायबर, दुसरा विचार नको. मध्ये रस्ता किंवा ओढा असेल आणि पावसाळ्यातही समोरचे छप्पर स्वच्छ दिसत असेल, तर 5 गिगाहर्ट्झच्या दोन डिश. मध्ये दाट झाडी असेल तर आज सामान्य माणसाच्या आवाक्यात चांगले उत्तर नाही. खामलोलीच्या प्रयोगात ते सापडले होते आणि टीव्हीचे रिकामे चॅनेल खुले न करून आपण ते हातचे घालवत आहोत. प्लगमधला रिपीटर दुसऱ्या घरासाठी घेऊ नये. नेट देताना शेजाऱ्याला आपला मुख्य पासवर्ड देऊ नये; राउटरमधले पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय चालू करून त्याला स्वतंत्र पासवर्ड द्यावा, तो कुणाकुणाकडे आहे हे माहीत असावे, आणि पैसे घेऊ नयेत. पैसे घ्यायचेच असतील, किंवा घरे दोनाची पाच होणार असतील, तर ‘वाणी’चा रस्ता धरावा. राउटरला छोटा यूपीएस आणि डिशच्या वायरीला वीजरोधक लावल्याशिवाय कोकणात काम पुरे झाले असे समजू नये.

राहते ती सरकारकडे करायची मागणी, आणि ती मोठी नाही. दूरसंचार विभागाने एवढेच स्पष्ट लिहावे की घरगुती ग्राहक आपली जोडणी, पैसे न घेता आणि पासवर्डने सुरक्षित ठेवून, लगतच्या एखाद्या घराला देऊ शकतो, आणि कंपन्यांच्या करारात याविरुद्ध कलम चालणार नाही. टीव्हीच्या मोकळ्या चॅनेलपैकी निदान दोन-तीन ग्रामीण भागासाठी परवानामुक्त करावेत. आणि कोपरी-डोंबिवलीतून गावी जाणाऱ्यांनी, विशेषतः ज्यांच्या घरी फायबर आले आहे त्यांनी, पुढच्या पावसाळ्यात छपरावरून एकदा शेजारच्या घराकडे पाहून ठेवावे: मध्ये किती पाने आहेत ते.